एकच अंडं द्यायचं होतं

सेवानिवृत्त उपमुख्याध्यापक प्यो इनसोक यांना ईस्टरला एक अंडं द्यायचं होतं. उकडलेलं, नीट गुंडाळलेलं, एक. द्यायचं होतं ते खालच्या योमना. प्योसाहेब सातव्या मजल्यावर, योम सहाव्यावर, मध्ये फक्त एक स्लॅब. जिना उतरायचा, बेल दाबायची, अंडं हातावर ठेवायचं आणि परत यायचं. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेची वेळापत्रकं बसवली त्याला हे जड जायचं कारण नव्हतं.

पण कारण होतं. दोघांत दोन वर्षं अबोला होता.

त्याआधी शनिवारी सकाळी दोघं मिळून वसाहतीमागची टेकडी चढायचे, वर झऱ्याचं पाणी प्यायचे आणि उतरताना सरकारला शिव्या घालायचे. योम वयाने मोठे, म्हणून प्योसाहेब त्यांना दादा म्हणायचे. मग एका हिवाळ्यात योमना डोक्यावर पावलं ऐकू यायला लागली. त्यांनी वर येऊन तसं सांगायला हवं होतं. त्यांनी ते सोसायटीच्या ऑफिसात सांगितलं. ऑफिसने काय करावं, तर घरोघरी छताला बसवलेल्या स्पीकरवरून साऱ्या इमारतीला ऐकवलं, की सातव्या मजल्यावरच्या रहिवाशांनी टाचा आपटून चालू नये. ज्याने हजारो मुलांना व्हरांड्यात पावलं न वाजवता चालायला शिकवलं, त्याची टाच अशी चव्हाट्यावर आली. प्योसाहेबांनीही मग ऑफिसला कळवलं, की सहाव्या मजल्यावर आंबवलेल्या सोयाबीनचं जे कालवण शिजतं, त्याच्या वासाने वरच्यांना जगणं कठीण झालंय. तेही स्पीकरवरून गेलं. तेव्हापासून एक जण लिफ्टपाशी दिसला, की दुसरा बुटाची नाडी बांधत बसायचा. ज्या दिवशी नाडीचे बूट नसत, त्या दिवशी फार पंचाईत व्हायची.

आता योम जाणार होते. बायको गेल्यापासून ते एकटेच होते आणि पुसान शहरात राहणारी लेक त्यांना कायमची घेऊन जाणार होती. ईस्टर झाला की त्याच आठवड्यात ट्रक येणार होता. पुठ्ठ्याची रिकामी खोकी लिफ्टमधून सहाव्यावर जाताना प्योसाहेबांनी पाहिली आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. त्यांना माफी मागायची नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. चूक कोणाची हा प्रश्न त्यांच्या मते केव्हाच निकालात निघाला होता. त्यांना एवढंच हवं होतं, की हा माणूस जाण्याआधी त्याचं दार एकदा आपल्यासाठी उघडावं. उगाच कोणाच्या दारात जाऊन उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण ईस्टरला चर्चची माणसं शेजारीपाजारी अंडी देतात आणि त्या दिवशी बेल का वाजवली, असं कोणी विचारत नाही.

त्यांनी हा बेत बायकोला सांगितला. मीजाबाई ओट्यापाशी मुळा चिरत होत्या.

"एकच?" त्या म्हणाल्या.

"एकच. माणूस एकच आहे."

"अहो, अख्खी इमारत सोडून तुम्ही एकट्या योमभावजींकडे गेलात, तर त्याला अंडं देणं म्हणत नाहीत. त्याला पाय धरणं म्हणतात."

"मी पाय धरायला जात नाहीये."

"मग आपल्या जिन्यातल्या सगळ्यांना द्या. त्यात त्यांचंही खपून जाईल."

खपून जाईल, या दोन शब्दांनी आजवर किती सभ्य माणसांचं वाटोळं केलं असेल, याचा कोणी अभ्यास केलेला नाही. प्योसाहेबांना ती सूचना फारच आवडली. जिन्यातल्या सगळ्या घरांसाठी मीजाबाईंनी चांगली अंडी मागवली. चांगली म्हणजे दोन नंबरची. अंड्यावर जो शिक्का असतो, त्याचा शेवटचा आकडा कोंबडी कशी जगते ते सांगतो. एक म्हणजे रानात मोकळी, चार म्हणजे पिंजऱ्यात कोंबलेली. दोन नंबरची कोंबडी रानात जात नाही, पण घरातल्या घरात हिंडते. थोडक्यात, मध्यमवर्गीय कोंबडी.

अंड्यांचे ट्रे घेऊन प्योसाहेब तळमजल्यावर लिफ्टची वाट पाहत होते, तिथे कूबाई भेटल्या. कूबाई म्हणजे सोसायटीच्या कमिटीवर या इमारतीच्या प्रतिनिधी. त्या इमारतीच्या दुसऱ्या जिन्यात राहतात, पण नजर दोन्ही जिन्यांवर असते.

"एवढी अंडी, सर? पाहुणे येणारेत?"

प्योसाहेब खोटं बोलत नसत. त्यांनी ईस्टरचं सांगितलं.

"वा. मग आमच्या जिन्यात कधी येताय?"

"सध्या आमच्याच जिन्यापुरतं ठरवलंय."

"अस्सं," कूबाई म्हणाल्या. लिफ्ट आली तरी त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे पार्किंगच्या रेषा मारायच्या होत्या तेव्हा इमारत एक. कचऱ्याची पाळी आली तेव्हा इमारत एक. आणि अंडी आली की जिने दोन. नाही, मला काही नकोय हो. मी आपलं लोक काय म्हणतील ते सांगितलं."

लोक काहीच म्हणत नव्हते, कारण लोकांना माहीतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत कूबाईंनी ती उणीव भरून काढली. इमारतीच्या ग्रुपवर आभाराचे संदेश यायला लागले. द्यायच्या आधीच आभार मानलेली वस्तू न देण्याची सोय आपल्या समाजात नाही. त्याबरोबर सल्लेही आले. नवव्यावरच्या सूनबाईंनी कळवलं की त्यांच्या मुलीला अंड्याने पुरळ येतं, तर तिच्यासाठी दुसरं काहीतरी पाहावं. पाचव्यावरच्या आजी रोज पहाटे देवळात जाऊन बुद्धापुढे लोटांगणं घालणाऱ्या. त्यांना चालेल का, म्हणून प्योसाहेब मुद्दाम विचारायला गेले.

"अंड्याला काय ठाऊक असतं कोणाचा देव कोणता," आजी म्हणाल्या. "दोन दे."

आता एवढं मोठं वाटप करायचं तर परवानगी हवी, असं सोसायटीच्या मॅनेजरने बोलावून सांगितलं. मॅनेजर तरुण होता, नम्र होता, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही ही प्योसाहेबांची जुनी अडचण होती.

"वाटप कशानिमित्त, सर?"

"ईस्टर."

"म्हणजे धार्मिक."

"अंडं आहे हो."

"धार्मिक अंडं," मॅनेजर म्हणाला आणि विचारात पडला. "आपल्या नियमांत वाटपाची परवानगी आहे, पण ती जाहिरातीच्या कागदांसाठी आहे. अंडं त्यात बसवावं लागेल. आणि उद्या कोणाला विषबाधा झाली तर जबाबदार कोण?"

"मी."

"आपण म्हणजे?"

या वसाहतीत राहायला आल्याला प्योसाहेबांना इतकी वर्षं झाली होती, की फाटकाजवळची झाडं त्यांच्यासमोर लावलेली होती. त्यांनी खोल श्वास घेतला आणि आपण म्हणजे कोण, ते पहिल्यापासून सांगितलं. शेवटी एका अटीवर परवानगी मिळाली. अंड्यावर धर्माचं एक अक्षर नको.

आता अंडं गुंडाळायचा जो प्लास्टिकचा पातळ कागद मिळतो, तो चर्चजवळच्या दुकानातच मिळतो आणि त्यावर प्रभू उठला आहे असं छापलेलंच असतं. प्योसाहेब पाळकांकडे गेले. पाळक भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"प्रभूचं नाव नसलं, तर ते नुसतं अंडं झालं, प्योसर."

"खरं आहे. पण ऑफिसला नुसतं अंडंच हवंय."

पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. तिच्यातून काही निघालं नाही. शेवटी बालवाडीजवळच्या एका दुकानात बिनधर्माचा कागद मिळाला. त्यावर डायनोसॉर होते, हिरवे, दात दाखवणारे. पुनरुत्थानाशी सगळ्यांत कमी संबंध असलेला प्राणी कोणता, असा प्रश्न परीक्षेत आला असता, तर प्योसाहेबांनी या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. पण दुसरा कागद नव्हता.

वाढलेल्या घरांसाठी घाऊक बाजारातून आणखी अंडी आणावी लागली. ती चार नंबरची होती, कारण बाजारात ढिगाने मिळतात ती तशीच. थंडीत किमचीसाठी कोबी मुरवायचं मोठं पातेलं मीजाबाईंनी गच्चीतून काढलं. चर्चच्या चार बायका मदतीला आल्या, म्हणजे खुर्च्यांवर बसल्या. एक म्हणाली पाण्यात मीठ घाला, दुसरी म्हणाली व्हिनेगर घाला, तिसरी म्हणाली एकाच दिशेने ढवळत राहा म्हणजे बलक मधोमध बसतो. चौथी म्हणाली, आमच्याकडे पुरुष माणूस स्वयंपाकघरात आलेलं चालत नाही. प्योसाहेब एकाच दिशेने ढवळत राहिले. दोन नंबरची आणि चार नंबरची अंडी एकाच पातेल्यात गेली. उकळत्या पाण्यात सगळे सारखेच, असा एक उदात्त विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. शिक्क्याची शाई उकळून जात नाही, हे मात्र ध्यानात आलं नाही.

मग एकेका अंड्यावर कागद चढवून ते झाऱ्यावर ठेवायचं आणि गरम पाण्यात क्षणभर बुडवायचं. कागद आकसून अंड्याला घट्ट बसतो. अंड्याबरोबर प्योसाहेबांचीही बोटं बुडत होती. शनिवारी दुपारी, सगळं होत आलेलं असताना, भाजलेल्या बोटाने त्यांनी वरच्या वर रचलेले ट्रे उचलले आणि ते सुटले.

उकडलेली अंडी लाकडी फरशीवर पडली की कसा आवाज येतो, हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. आधी एक धडाका. मग गडगडाट. मग एकेक अंडं सावकाश, स्वतंत्रपणे, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातं आणि भिंतीला टेकतं. शेवटचं थांबेपर्यंत घरात कोणी हललं नाही. सगळ्यांनी भिंतीवरच्या इंटरकॉमकडे पाहिलं. हे सगळं योमच्या डोक्यावर झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एका टाचेसाठी ज्याने ऑफिस गाठलं, तो आता काय करील, ते सांगायला नको होतं.

इंटरकॉम वाजला नाही. प्योसाहेब त्याच्यासमोर उभे राहिले. खूप वेळ उभे राहिले. त्यांना आयुष्यात इतकं वाईट क्वचितच वाटलं असेल. शिव्या दिल्या असत्या, स्पीकरवरून नाव घेतलं असतं, तरी चाललं असतं. तक्रार करण्याइतकंही आपण त्या माणसाचे कोणी उरलो नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"अहो, टवके उडालेली बाजूला काढा," मीजाबाई हळूच म्हणाल्या. "बाकीची चालतील."

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर वाटप सुरू झालं. नवरा-बायको वरून खाली उतरत आले. दारं उघडत होती, लोक दोन्ही हात पुढे करून अंडं घेत होते, पोरं डायनोसॉरवर खूष होती. जे घरी नव्हते, त्यांच्या कडीला पिशवी अडकवली. सहाव्या मजल्यावर प्योसाहेबांनी टाय सारखा केला आणि बेल दाबली. आत काही हललं नाही. पुन्हा दाबली.

"अडकवू कडीला?" मीजाबाईंनी विचारलं.

"नको."

"अहो, बाकीच्यांना—"

"नको म्हटलं ना."

ते अंडं त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं आणि पाचव्यावर गेले.

दुपार कलते न कलते तोच ग्रुपवर एक फोटो आला. सोललेला डायनोसॉर, त्याखाली अंडं, अंड्यावर शिक्का, शेवटी चार. खाली कोणीतरी लिहिलं, 'आमच्याकडे दोन आलंय. हे काय प्रकरण आहे?' मग सगळ्या इमारतीने अंडी सोलली. देवाच्या नावाने मिळालेली वस्तू इतक्या बारकाईने आजवर कोणी तपासली नसेल. कोणाला दोन, कोणाला चार. आजींना एक दोन आणि एक चार. कूबाईंना चार आणि त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडाला दोन. कूबाईंनी काहीच लिहिलं नाही, हे फार वाईट लक्षण होतं. थोड्या वेळाने लोकांना त्यात पद्धतही दिसायला लागली. ज्यांनी इमारतीला पिवळा रंग द्यायला विरोध केला होता त्यांना पिंजऱ्यातली अंडी मिळाली, असं एकाने सिद्ध केलं. दुसऱ्याने गाड्यांच्या किमतीवरून तेच सिद्ध केलं. प्योसाहेबांनी ग्रुपवर तीन परिच्छेदांचा खुलासा टाकला. तो कोणी वाचला नाही, कारण तो तीन परिच्छेदांचा होता.

सोमवारी मॅनेजरचा फोन आला. लोक अंडी परत आणून ऑफिसच्या काउंटरवर ठेवत होते. काही सोललेली होती.

"आपणच दोन शब्द बोललात तर बरं होईल, सर. स्पीकरवरून. मी मजकूर तयार ठेवलाय."

ज्या स्पीकरवरून आपली टाच बोलली गेली, त्याच्यापुढे आता आपण स्वतः बसायचं. प्योसाहेबांनी टाय घातला आणि खाली गेले. काउंटरजवळ कूबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. मजकुरात 'गैरसोय', 'अनवधानाने' आणि 'यापुढे' हे शब्द होते. प्योसाहेबांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. 'अनवधानाने'पर्यंत आले आणि थांबले. शाळेत त्यांनी कित्येक मुलांकडून असले माफीनामे वाचून घेतले होते. एकही खरा नव्हता आणि हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

"मला एकच अंडं द्यायचं होतं," ते माइकमध्ये म्हणाले.

मॅनेजरने मान वर केली.

"सहाव्यावरच्या योमदादांना. ते या आठवड्यात जाणार आहेत. एकट्यालाच दिलं तर मी नमलो असं दिसेल, म्हणून जिन्यातल्या सगळ्यांना द्यायचं ठरवलं. मग इमारतीला. तुम्हा सगळ्यांना अंडी मिळाली, ती त्यांचं अंडं लपवायला मिळाली. त्यामुळे कोणाला कितीचं मिळालं, यात कोणाचा मान-अपमान नाही. त्यांना अजून मिळालेलंच नाही. टाच आपटत होतो, हे खरं आहे. बस, एवढंच."

त्यांना माइक बंद करता येईना. मॅनेजरने केला. कूबाईंनी काउंटरवरचं आपलं अंडं उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

"सरळ नेऊन द्यायचं होतं ना मग, सर," त्या म्हणाल्या. "आम्ही काय म्हणणार होतो?"

त्या काय म्हणाल्या असत्या ते प्योसाहेबांना नेमकं ठाऊक होतं. पण ते लिफ्टकडे निघाले होते. कोट कालचाच होता. सहाव्या मजल्यावर उतरून त्यांनी बेलवर बोट ठेवलं, तेवढ्यात दार आतून उघडलं.

योम लोकरी बनियनवर उभे होते, हातात चिकटपट्टीचं रीळ. दोन वर्षांत बरेच वाळले होते.

"दादा," प्योसाहेब म्हणाले. त्यांनी अंडं पुढे केलं.

योमनी ते दोन्ही हातांत घेतलं. "किती नंबरचं?"

"पाहिलं नाही."

"पाहू नका. आत या."

आत बसायला जागा नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत खोकी रचलेली, सगळी पट्टी मारून बंद. दोघं एकेका खोक्यावर बसले. योम डायनोसॉर सोलू लागले. नखाने सुटत नव्हता.

"काल येऊन गेलात ना? शेजारच्यांनी सांगितलं. मी हिच्या अस्थी ठेवल्यात तिकडे गेलो होतो. म्हटलं, आता येणं कमी होईल, सांगून येऊ."

प्योसाहेबांनी मान हलवली. वहिनी त्यांना किमचीचं ताट पाठवायच्या, ते त्यांना आठवलं.

"आणि शनिवारी वर काय झालं हो?"

"अंडी पडली."

"एवढी?"

"एवढी."

"इंटरकॉम उचलला होता मी," योम म्हणाले. "मग ठेवून दिला. म्हटलं, आता जाता जाता कशाला." त्यांनी अंडं खोक्याच्या कडेवर आपटून फोडलं, टरफल काढलं, दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा पुढे धरला. मग हात मागे घेतला. "थांबा. मीठ."

"राहू दे, दादा."

"मिठाशिवाय अंडं कसं खायचं?"

त्यांनी तुकडे पुठ्ठ्यावर ठेवले आणि 'स्वयंपाकघर' लिहिलेलं खोकं फोडलं. त्यात रजया निघाल्या. दुसऱ्यात पातेली होती, पातेल्यांत वर्तमानपत्रं. तिसऱ्यात टेकडीवर जायचे बूट आणि रेल्वेतल्या नोकरीची जुनी टोपी. महिनाभर एकट्याने बसून बांधलेलं घर एकेक करून सुटत चाललं, आणि बुधवारी ट्रक यायचा होता. मीजाबाईंच्या ओट्यावर बरणीभर मीठ होतं. एक जिना चढून घेऊन यायला मिनिटही लागलं नसतं. प्योसाहेबांना ते ठाऊक होतं. योमनाही होतं. योमनी पुढचं खोकं ओढलं, आणि प्योसाहेबांनी कोट काढून ठेवला व त्याचं दुसरं टोक धरलं.